नवव्या प्रश्नापुढचं 'हो'

नाही, एलिसेओ घरी नाही, साडेचारला येतो, आणि तुम्ही अशा उंबऱ्यात उभ्या राहिलात तर घरभर धूळ होईल, तेव्हा आधी आत या आणि दार ओढून घ्या — पूर्ण ओढा, ते अडतं जरा — आणि तो खालचा ओला टॉवेल पायानं परत फटीला लावा. हां. समोरच्या बागेत सकाळपासून झाडं हलवतायत. यंत्र येतं, बुंधा धरतं, झाड असं थडथड उडतं की थंडी वाजून ताप भरलाय त्याला, आणि बदाम सगळे खाली. बदाम मालकाचे, धूळ आमची. आज शाळेवर तांबडं निशाण होतं. हवेचं निशाण हो — हिरवं असलं की पोरं बाहेर खेळतात, तांबडं असलं की आत कोंडतात. माझी यारेत्सी चार वर्षांची आहे, तिला पाचाच्या पुढं मोजता येत नाही, पण निशाणं सगळी येतात. आत झोपलीय. हळू बोलू. म्हणजे मीच बोलतेय म्हणा, तुम्ही कुठं बोलताय. आणि गळ्यातला तो सरकारी ओळखपत्राचा पट्टा काढून पर्समध्ये टाका बघू — असा पट्टा घालून आमच्या गल्लीत दारं वाजवलीत ना, तर अर्धी गल्ली मागच्या दारानं पळेल आणि उरलेली विचारेल की फुकट काय वाटताय.

सासूबाई कपडे धुवायच्या दुकानात गेल्यात, त्या असत्या तर एप्रननं खुर्ची पुसून दिली असती तुम्हाला, लिसेन्सियादा, लिसेन्सियादा करत. आमच्या गावाकडं, तिकडं सीमेपलीकडं ओआहाकाच्या डोंगरात, चार वर्षांची पदवी घेतलेल्याला कुणी नावानं हाक मारत नाही. बाप्या असला तर लिसेन्सियादो, बाई असली तर लिसेन्सियादा. मीही तेच म्हणणार तुम्हाला, तुमचं नाव काही माझ्या जिभेवर बसत नाही. शिकलात ना चार वर्षं? वाटलंच. बसण्यावरून कळतं. आमच्यासारखं माणूस परक्या घरात खुर्चीच्या कडेला टेकतं, तुम्ही सरळ पाठ टेकलीत. नाही नाही, टेका की, त्यासाठीच तर पाठ असते खुर्चीला. कॉफी देते. दालचिनी घातलीय, साखरही घातलीय, नको म्हणालात तरी आता ती काढता येणार नाही.

मी तुम्हाला दारातच ओळखलं. चर्चच्या हॉलमधल्या सभेत आमदारीणबाईंच्या शेजारी बसून लिहून घेत होतात. आणि एलिसेओचं तर सगळंच लिहून घेतलंत, हो ना? माझा नवरा तसा बोलणारा नाही, लिसेन्सियादा. गिरणीत — बदामाची टरफलं काढतात त्या गिरणीत — नऊ वर्षं झाली त्याला, तिथं बोलून उपयोग नसतो, यंत्रांपुढं आपलंच आपल्याला ऐकू येत नाही. त्या दिवशी मात्र उठला. टोपी हातात धरून उठला. आणि काय म्हणाला? "बाई, तुम्ही भिंतीतलं भोक बुजवलं नाहीत, त्यावर कॅलेंडर टांगलंत." काय टाळ्या पडल्या. फादरसुद्धा वाजवत होते. मी नाही वाजवल्या, यारेत्सी कडेवर होती. — तुम्ही बघितलंत? मी वाजवल्या नाहीत ते? बघा, म्हणजे लिहिता लिहिता बघताही. कडेवर होती म्हटलं ना पोर, टाळी वाजवायला दोन हात लागतात.

खोटं काय बोलला तो? इतकी वर्षं राज्य काय सांगत आलं? सांगत आलं, छोट्या कॉलेजात शिकताय ना, मग फीला दोन वर्षांपुरती मदत घ्या आणि गप्प बसा. पदवी हवी? मग विद्यापीठात जा, पदवीची मदत तिथं. विद्यापीठ कुठं? डोंगरापलीकडं. आणि आमच्याच छोट्या कॉलेजनं पदवी सुरू केली तर — श्वासाची पदवी, फुप्फुसांची, पुढच्या दोन वर्षांचे वर्ग त्याच आवारात, जिथं गाडी कुठल्या झाडाखाली लावली की तापत नाही तेसुद्धा त्याला पाठ आहे — तर म्हणे तुम्ही मधेच पडलात. छोट्या कॉलेजच्या मदतीत पदवी बसत नाही आणि पदवीच्या मदतीत छोटं कॉलेज बसत नाही. लग्नात कसं, नवरीकडचे म्हणतात हा पाहुणा नवऱ्याकडचा, नवऱ्याकडचे म्हणतात नवरीकडचा, आणि पाहुणा उपाशी घरी. तसं. मग गेल्या ऑक्टोबरात तुमच्या बाईंनी कायदा केला. आता छोट्या कॉलेजातल्या पदवीलाही मदत. फोटो काढला, हसल्या, पोरांच्या खांद्यांवर हात टाकले. एलिसेओनं तो फोटो फोनमध्ये ठेवला होता, लिसेन्सियादा, पोरीच्या फोटोशेजारी. आणि मे महिन्यात पत्र काय आलं? आपण पात्र नाही. एक ओळ. कारण? एक आकडा, दोन अक्षरं आणि एक आकडा. मग माणूस काय समजणार? आजवर जे समजत आला तेच. बाईंनी कायदा केला, पण आपल्यासाठी नाही केला. गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. शेजारचे रेफुहिओकाका म्हणाले, "पोरा, सरकारनं एकदा नाही म्हटलं तर राग धर. दरवेळी म्हटलं तर सवय धर."

तेव्हा आता तुम्ही म्हणणार, राजधानीत चला, समितीपुढं बोला, पुढच्या वर्षी आणखी कॉलेजांना मदत मिळेल. हेच ना? मी नाही येणार. पोरीला सोडून कशी येऊ, आणि बोलू काय? मला बोलता येत नाही. त्याला विचारा. पण त्यालाही नकाच विचारू. त्याच्या मनातून जात चाललंय ते सगळं, आता परत — काय? नाही? त्यासाठी नाही आलात?

मग कशासाठी?

हे काय आहे. हा तर — हो, आमचाच फॉर्म दिसतोय. नाव त्याचं. पत्ता आमचा. हा आत्याचा फोन नंबर, आमचा बंद होता तेव्हा. तुमच्याकडं कसा आला? त्यानंच सही करून दिला हॉलमध्ये, शोधा म्हणाला, का नाकारलं ते शोधा? मला नाही सांगितलं. हल्ली नाही सांगत फार. आणि शोधलंत तुम्ही. तुम्ही खरंच शोधलंत — कुणी शोधत नाही हो, सगळे म्हणतात शोधतो. नववा प्रश्न. दिसतोय मला, बोट नका ठेवू, वाचता येतं मला. 'आपण चार वर्षांची पहिली पदवी याआधीच घेतली आहे का?' त्याच्यापुढं हो. हं. हो आहे खरं.

बरं, मग चूक झाली असेल. फॉर्म मी भरला. त्याला त्या दिवशी गिरणीत जादा काम होतं, मला म्हणाला तूच भर. सातवी शिकलेल्या बाईनं भरला, अजून काय होणार? सातवीसुद्धा कशी — गावात सहावीपर्यंत, सातवीला खालच्या गावात जायचं, ट्रकच्या मागं उभं राहून. एक वर्ष गेले. मग ट्रकवाल्यानं भाडं वाढवलं आणि बापानं हिशेब केला, दोघांपैकी एकालाच. भावाला पाठवलं. भाऊ आठवीत नापास झाला, आता तोच ट्रक चालवतो. तेव्हा बारा-तेरा वर्षांची पोरगी, काय बोलणार, पाट्यावर मिरची वाटत बसले. तर अशा बाईला पदवी म्हणजे काय, पहिली म्हणजे काय, याआधी म्हणजे कधी, कुठून कळणार? लिहा तसं. बायको अडाणी, चूक झाली. झालं.

आणि खरं सांगू का, एकट्या माझीही चूक नाही. त्या भिंतीकडं बघा. ती फ्रेम. सोनेरी. गेल्या वर्षी जूनमध्ये त्याची छोट्या कॉलेजची दोन वर्षं संपली — दोन वर्षांचं त्याला चार वर्षं लागली, अर्धा दिवस गिरणी — तेव्हा सासूबाईंनी काय थाट केला विचारा. आमच्यात असा खर्च एकटं घर करत नाही, एकेका वस्तूला एकेक पाद्रिनो धरायचा, धर्मबाप म्हणा, तो त्या वस्तूचा खर्च उचलतो आणि जन्मभर मिरवतो. अंगठीला एक, केकला एक, बँडला दोन, ही फ्रेम रेफुहिओकाकांची. चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना, तो काळा झगा घालून पुढं, फादरनी फ्रेमवर पवित्र पाणी शिंपडलं, काचेच्या आत गेलंय बघा ते, त्या कोपऱ्यात डाग आहे. खड्ड्यात दोन बोकडं शिजवली. आणि त्या दिवसापासून सासूबाई पोटच्या पोराला लिसेन्सियादो म्हणायला लागल्या. तो ओशाळतो, म्हणतो आई अजून दोन वर्षं आहेत. त्या म्हणतात, बोकड खाताना कुणी विचारलं का किती वर्षं आहेत?

तर फॉर्म भरायला बसले फेब्रुवारीत, इथंच, या टेबलाशी. सासूबाई तिथं घेवड्यातले खडे निवडत होत्या. मी मोठ्यानं वाचत होते, त्यांना आवडतं, वाटतं रेडिओ चालूय. नववा प्रश्न वाचला. त्या म्हणाल्या, "आहे म्हण. भिंतीवर काय लटकलंय मग? दोनशे माणसं जेवलीत त्या पदवीची. नाही म्हणून माझ्या पोराला खाली बघायला लावू नकोस." बघा आता. सासू मागं उभी राहून सांगतेय, समोर फ्रेम चमकतेय, सून काय लिहील? हो लिहील. तुम्ही शहरातल्या, तुमच्यात सासू सुनेच्या मागं उभी राहत नसेल. अशी चूक आमच्यातच होते, ज्यांच्यात इतक्या कमी पदव्या असतात की अर्धी झाली तरी बोकड कापतात. कुणाला दोष देणार? सासूबाईंचं मन मोडू नका म्हणजे झालं, त्यांना सांगू नका. त्यांचा जीव जाईल ऐकून. त्या तर रोज त्या सरकारला शिव्या घालतात, जेवणाआधीच्या प्रार्थनेत घालतात, आमेन म्हणायच्या आधी.

काय बघताय तिकडं? ते? ते गल्लीतल्यांचे कागद आहेत. एक पाकीट कोन्चाचं, तिच्या दुधाच्या मदतीचं, ते रेफुहिओकाकांचं, डोळ्यांच्या ऑपरेशनचं. ते शाळेचे, जेवणाचे, चार घरांचे. देतात आणून. मीच भरते सगळ्यांचे. आधी कोन्चानं दिला, मग तिच्या नणंदेनं, आता रविवारी प्रार्थना संपली की रांग लागते इथं, कुणी अंडी आणतं, कुणी केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाले. माझा फॉर्म परत येत नाही म्हणतात. नाहीच आला कधी. मी काय करते, सगळा आधी शेवटपर्यंत वाचते, मग —

हं.

अडकवलंत ना मला फासात. नाही, तुम्ही काही म्हणाला नाहीत. तुम्ही नुसतं त्या पाकिटांकडं बघितलंत. मीच बोलत सुटले. कॉफी निवली तुमची, दुसरी देऊ? नको. बरं.

मला माहीत होतं, लिसेन्सियादा.

सासूबाई म्हणाल्या हो म्हण, ते खरं आहे, तसंच म्हणाल्या. आणि मी हसले. मीच त्यांना समजावून सांगितलं की आई, हे चार वर्षांच्या पदवीचं विचारतायत, आपली दोनची आहे, इथं नाही म्हणायचं, नाही म्हटलं तरच मदत मिळते. त्या म्हणाल्या, "काय मेले उलटे प्रश्न," आणि खडे निवडायला लागल्या. नंतर त्या विसरल्या. मी नाही विसरले. एलिसेओनंही सकाळी जाताना दारात बजावलं होतं, बूट घालता घालता — नवव्याला नाही लिही हं, तिथंच लोक घसरतात. आणि फोनवर तो फॉर्म शेवटी परत सगळं दाखवतो, बघून घ्या म्हणतो, बरोबर आहे का म्हणतो. बघून घेतलं. बरोबर आहे म्हटलं. अंगठा ठेवला. तेव्हा पोरगी आत झोपली होती, अशीच, आणि मी तिचे श्वास मोजत होते. मिनिटाला चाळीसच्या वर गेले की घाबरायचं, हे त्यानंच शिकवलेलं.

कशासाठी, ते नका विचारू. — नाही विचारत? विचारा ना. सहा महिने झाले कुणी विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरात, असेच दिवस, अशीच झाडं हलवत होते. तो शहरात गेला होता, कॉलेजच्या मास्तरांबरोबर, दोन दिवस. पदवीला घ्यायचं की नाही ते ठरवायला बोलावलं होतं, आणि मुलांचं मोठं इस्पितळ दाखवायला, कारण दुसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक सगळं तिथंच असतं. अडीच तासांवर. आठवड्यातले चार दिवस तिथं, चुलतभावाकडं सोफ्यावर झोपायचं, तीन दिवस घरी. तो इतका खुश होता, तिथून फोन करून सांगत होता की एवढ्या एवढ्या बाळांना नळ्या लावतात, अंगठ्याएवढ्या बाळांना. आणि दुपारी दोनला इथं यारेत्सी खाली बसून डब्यांच्या झाकणांशी खेळत होती, छातीत शिट्टी वाजत होती, ती रोज वाजते. शिट्टी वाजते तोवर बरं असतं, लिसेन्सियादा. मी भांडी घासत होते आणि शिट्टी थांबली. मला वाटलं, बरं वाटलं तिला. मला खरंच असं वाटलं, देवा, मी दोन ताटं आणखी घासली. मग वळून बघितलं तर पोरगी हातात झाकण धरून बसलेली, रडत नाही, खोकत नाही, नुसती माझ्याकडं बघतेय, आणि गळ्याखाली हा खड्डा, असा आत आत जातोय, आणि ओठ — आमच्याकडं निळ्या मक्याच्या भाकऱ्या असतात ना, तोर्तिया, त्या रंगाचे. दम्याचा पंप हलवला, रिकामा. दुसरा कुठंय? त्याला माहीत. नळी कुठंय? त्याला माहीत. त्याला फोन लावला, बंद. इस्पितळात फोन बंद ठेवतात. माझं पोर इथं श्वास विसरलं होतं आणि तो तिकडं दुसऱ्यांच्या पोरांचे श्वास बघत होता. रेफुहिओकाकांच्या ट्रकमध्ये घातलं, हॉर्नवर हात ठेवून इस्पितळात नेलं त्यांनी.

आणि तिथं तिला कुणी वाचवलं माहितीय? डॉक्टर नंतर आले. एक माणूस धावत आला, मास्क लावला, पाठीला हात दिला, तिच्या कानात हळूहळू बोलत राहिला, आणि वाजली, शिट्टी वाजली. मी त्याच्या गळ्यातला पट्टा वाचला. मी सगळं वाचते, सवय आहे. एलिसेओला जे व्हायचंय ना, तेच लिहिलं होतं त्यावर. श्वासाचा माणूस. मग मला काय वाटायला हवं होतं? की माझ्या नवऱ्यानंही हे शिकावं. चांगल्या बाईला तेच वाटलं असतं. मला वाटलं, तो इथं हवा. शिकलेला नको, लिसेन्सियादो नको, इथं हवा. त्या दाराच्या आत. पुढच्या वेळी शिट्टी थांबेल तेव्हा मी एकटी भांडी घासत नको.

मी त्याला म्हणायला हवं होतं. म्हटलं असतं तर तो थांबला असता, लगेच थांबला असता, एक शब्द न बोलता, आणि मग जन्मभर तो थांबल्याचा चेहरा मला बघायला लागला असता. तो कसा दिसतो ते मला ठाऊक आहे, मी मिरची वाटायचे तेव्हा आरशात बघितलाय. म्हणून म्हटलं, बायकोनं नाही म्हणू नये. सरकारनं म्हणावं. सरकार काय, नाहीच म्हणतं, त्याला कुणी नावं ठेवत नाही. तुमच्या आमदारीणबाईंनी एकदा, एकदाच, हो म्हटलं आमच्यासारख्यांना, आणि त्या 'हो'वर मी माझं 'हो' लिहिलं. हॉलमध्ये तो म्हणत होता कॅलेंडर टांगलंत, आणि त्या बाईंचा चेहरा पडला, मी बघितलं, पडला. टाळ्या कशा वाजवणार होते मी?

बरं, मग राहिला का तो घरी? विचारा. मे महिन्यात पत्र आलं. तिसऱ्या दिवशी पोरीच्या खाटेजवळ फुप्फुसांचं चित्र लावलेलं होतं, मोठं, लाल-निळं, ती त्याला झाड म्हणायची — ते काढलं, गुंडाळलं, कपाटावर टाकलं. आणि गिरणीत दुसरी पाळी घेतली, हंगामापुरती नाही, बारा महिने. म्हणाला, आता अभ्यास नाही तर वेळ आहे. पहाटे चारला जातो, दुपारी साडेचारला येतो, जेवतो, सहाला परत. चार दिवस शहरात असता तर तीन दिवस तरी दिसला असता. आता सातही दिवस दाराच्या आत येतो आणि कुठंच नसतो. आणि येतो तो कसा? केसांत धूळ, भुवयांत धूळ, खिशात टरफलं. मी दारातच कपडे उतरवते, मोरीत टाकते, तरी येते. पोरगी बाबा करून धावते आणि मी मधे हात घालते — थांब, अंघोळ करू दे. तिला वाटतं आईला आवडत नाही बाबा. या उन्हाळ्यात तीनदा इस्पितळ झालं तिचं. मी पोरीच्या श्वासासाठी माणूस घरात ठेवला आणि धूळच घरी आणली, रोज, पायांवर चालत.

आता तो तिला काय सांगतो माहितीय? परवा ती म्हणाली मी मोठी झाल्यावर शाळेत शिकवणार. तो म्हणाला, "बघू, राज्य काय म्हणतं." चार वर्षांच्या पोरीला. मी मक्याचं पीठ मळत होते, मळतच राहिले.

हा कसला दुसरा कागद? दुरुस्तीचा. म्हणजे — दुरुस्त होतं? अजून? तुम्ही आधी का नाही सांगितलंत, मी इतका वेळ — बरं, मीच बोलत होते. बघू. थांबा, मला वाचू दे. नवव्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं भरलं गेलं, बरोबर उत्तर नाही. जानेवारीत कॉलेज जागा देणार? धरून ठेवलीय? मास्तरांनी? त्या मास्तरांनी अजून धरून ठेवलीय. आणि हा कागद शुक्रवारपर्यंत. आज बुधवार.

इथं सही कुणाची? — ज्यानं फॉर्म भरला त्याची. ती माझी. करते, आत्ता करते, आणा. आणि ही खालची? विद्यार्थ्याची. म्हणजे त्याला वाचायला लागणार. जुनं उत्तर काय, नवं काय, कुणी भरलं, सगळं या एकाच पानावर. दोन पानं करता येत नाहीत का? माझी सही एकावर, त्याची दुसऱ्यावर? तुम्ही शिकलेल्या आहात, काहीतरी काढा. नाही. नाही येत. कळलं. नुसतं चुकून झालं म्हणून सांगितलं तर? सातवी शिकलेली बायको — पण त्यानंच तर दारात बजावलं होतं. त्याला ठाऊक आहे माझा फॉर्म परत येत नाही. सगळ्या जगाला मी अडाणी चालेन हो, सासूबाईंना तर आवडेलही, पण तो एकच माणूस आहे ज्याला मी अडाणी कधी वाटले नाही. तो म्हणतो, अनायेली, तू ट्रकमध्ये उभी राहिली असतीस आणखी काही वर्षं, तर तुला मीच लिसेन्सियादा म्हटलं असतं. चेष्टेत म्हणत नाही. आता हा कागद त्याच्यापुढं ठेवायचा. ठेवला तर तो शहरात जाईल, जाईल तसाच परत येईल की नाही कुणास ठाऊक. नाही ठेवला तर शुक्रवार जाईल, आणि तो आहे तसाच इथं राहील, पहाटे चार ते दुपारी साडेचार, सहा ते —

ऐका.

नाही, पोरगी नाही, तिची शिट्टी वाजतेय, बरं आहे. बाहेर. तो ट्रक त्याचाच, सायलेन्सर फुटलाय, कोपऱ्यावरून कळतो. साडेचार वाजले? इतका वेळ बोलले मी? उठा, लिसेन्सियादा. नाही, तुम्ही त्याला काही सांगायचं नाही. तुम्ही सांगितलंत तर ती सरकारनं सांगितलेली गोष्ट होईल, आणि सरकारच्या नावावर मी एकदा टाकून झालंय. तो कपडे दारातच उतरवतो, तेव्हा तुम्ही आधी निघालेलं बरं. मागचं दार इकडं — नको. पुढच्याच दारानं जा, लपून जायला तुम्ही काय केलंय. भेटला तर नमस्कार म्हणा आणि चालू लागा. कागद राहू दे टेबलावर. उलटा नका ठेवू, सरळ ठेवा, सह्यांच्या ओळी वर. कप राहू दे, मी उचलते. टॉवेल मी लावते. जा आता. आणि ते पेन — आमच्या घरातली सगळी सुकलेली आहेत — ते ठेवून जा.